पोटाचा हर्निया: दुर्बिणीनं की चिरा देऊन? ठरवण्याआधी एकेक गोष्ट कशी तपासायची

'टाक्याचं ऑपरेशन' आणि 'दुर्बिणीचं ऑपरेशन' हे दोन शब्द आमच्या वॉर्डात येणाऱ्या बायकांना समजावून सांगावे लागत नाहीत. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांनी ते मराठवाड्याच्या वाडीवस्तीपर्यंत केव्हाच पोचवलेत. पण गोंधळाचं मूळही तिथंच आहे. शिबिरातलं दुर्बिणीचं ऑपरेशन काही मिनिटांत उरकतं. त्यामुळे हर्नियाच्या ऑपरेशनला "दुर्बिणीनंच करा" म्हणताना लोकांच्या डोळ्यासमोर तेच चित्र असतं. केजकडच्या एका मावशींनी मला विचारलं होतं, "सिस्टर, माझ्या जावंचं दुर्बिणीनं झालं तव्हा ती सांजच्याला घरी व्हती. मला कामून दोन दिवस ठेवून घेतेत?"

प्रश्न रास्त होता. शिबिरात फक्त नळ्या बंद करतात. हर्नियात पोटाच्या भिंतीला पडलेलं भोक बुजवून त्यावर जाळी बसवायची असते. दुर्बीण तीच, पण काम वेगळं. सर्जरीच्या वॉर्डात वीस वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. "दुर्बीण की चिरा" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. त्याआधी चार-पाच गोष्टी नीट तपासल्या तर त्याचं उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळतं. त्या गोष्टी ज्या क्रमानं तपासाव्यात, त्याच क्रमानं पुढं लिहिते.

पहिलं काम: गाठ कुठली ते ओळखणं

पोटाच्या भिंतीत स्नायू आणि त्यांचं चिवट आवरण असतं. ते कुठं विरलं की आतली चरबी किंवा आतडं तिथून बाहेर डोकावतं. उभं राहिल्यावर, खोकल्यावर, हंडा उचलल्यावर फुगवटा दिसतो आणि आडवं झालं की बहुधा आत जातो. हाच हर्निया. फुगवट्याची जागा फार महत्त्वाची आहे.

बेंबीजवळचा हर्निया बाळंतपणं झालेल्या आणि वजन वाढलेल्या बायकांत जास्त दिसतो. बेंबी आणि छातीचं हाड यांच्या मधल्या रेषेत येतो तो बहुतेकदा लहान असतो, पण दुखतो बऱ्यापैकी. जांघेतला मुख्यतः पुरुषांत आढळतो. आणि चौथा, ज्यानं आमच्याकडं सगळ्यात जास्त छळलंय, तो जुन्या ऑपरेशनच्या व्रणातून येणारा, म्हणजे टाक्याचा हर्निया.

मराठवाड्यात हा टाक्याचा हर्निया एवढा का दिसतो, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. सिझेरियन झालेलं असतं किंवा पिशवी काढलेली असते, आणि वर डोक्यावर मोळी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या एवढ्या मोठ्या प्रमाणावर का काढल्या जातात, याची चौकशी करायला २०१९ साली राज्य सरकारला समिती नेमावी लागली. त्या चौकशीत पिशवीचा विचार झाला. त्या प्रत्येक बाईच्या पोटावर एक व्रण राहिला आणि तो व्रण पुरता मुरायच्या आत ती पुन्हा फडावर गेली, ही बाजू मला रोज दिसते. टाका भरायला वेळ मिळाला नाही, त्यात जंतुसंसर्ग झाला, वर खोकला किंवा ओझं आलं, की व्रण आतून उसवतो.

लहान बाळाची बेंबी फुगत असेल तर हा लेख त्याच्यासाठी नाही. बाळ चार-पाच वर्षांचं होईपर्यंत ती बहुतेकदा आपोआप बुजते. बाळाच्या बेंबीवर नाणं बांधू नका, त्यानं कातडी चिघळते.

दुसरं: आज पळायचं की सवडीनं जायचं

एरवी आत जाणारी गाठ अचानक कडक झाली, आडवं होऊनही आत जाईना, खूप दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, वारा सरायचा थांबला, किंवा गाठीवरची कातडी लाल-काळी दिसायला लागली, तर आतडं अडकलंय असं समजा. काही तासांत त्याचा रक्तपुरवठा तुटून ते सडू शकतं. अशा वेळी गाठ चोळू नका, तेल जिरवू नका, शेकू नका, जोर लावून आत ढकलू नका. तोंडानं पाणीसुद्धा देऊ नका. १०८ ला फोन करा आणि सर्जन, भूलतज्ज्ञ असलेल्या दवाखान्यात न्या. अंबाजोगाई, लातूर, नांदेड, संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा. अशा पेशंटच्या बाबतीत दुर्बिणीचा हट्ट अजिबात धरू नये. आतड्याचा तुकडा काढावा लागला तर बहुतेक सर्जन चिरा देऊनच करतात, आणि ते बरोबर आहे.

यातलं काहीच नसेल तर घाई नाही. जांघेतला लहान, त्रास न देणारा हर्निया असलेल्या पुरुषांना थांबवून पाहिलं तेव्हा आतडं अडकण्याचं प्रमाण हजार माणसांमागं वर्षाला दोनच्या आसपास निघालं. म्हणजे पेरणी, काढणी सांभाळून तारीख ठरवायला हरकत नाही. बाईच्या जांघेत गाठ असेल तर मात्र लांबवू नका. बायकांत मांडीच्या वरच्या अरुंद वाटेनं येणारा हर्निया असू शकतो आणि तो अडकण्याची शक्यता बरीच जास्त असते. पट्टा बांधून हर्निया बरा होत नाही, आणि गोळीनंही नाही. ज्या बाईला अजून मूल हवंय आणि हर्निया त्रास देत नाही, तिनं ऑपरेशन बाळंतपणानंतर केलेलं बरं.

तिसरं: भोकाचं माप काढून घ्या

सगळी मेख इथं आहे. गाठ केवढी दिसते यावरून काही ठरत नाही. आतलं भोक किती सेंटिमीटर आहे ते लागतं. नारळाएवढा फुगवटा तीन सेंटिमीटरच्या भोकातून आलेला मी पाहिलाय, आणि हाताला जेमतेम लागणाऱ्या गाठीखाली तळव्याएवढी भिंत उसवलेलीही पाहिलीय. लहान हर्नियाला डॉक्टरचा हात आणि सोनोग्राफी पुरते. टाक्याचा मोठा हर्निया असेल, किंवा एकदा ऑपरेशन होऊन परत आलेला असेल, तर सीटी स्कॅन मागितला तर कुरकुर करू नका. त्यात भोकं किती, केवढी, आणि पोटातला किती ऐवज बाहेर आलाय हे सगळं दिसतं. जुन्या व्रणाखाली एकाऐवजी तीन-चार भोकं निघतात, हे नेहमीचं आहे.

आता मापावरून ढोबळ हिशेब असा.

बेंबीचं भोक एक सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर नुसते टाके घालूनही भागू शकतं. त्याहून मोठं असेल तर जाळी. एक ते चार सेंटिमीटरच्या बेंबीच्या हर्नियाला बेंबीखाली छोटा चिरा देऊन जाळी बसवणं सोपं, स्वस्त आणि पुरेसं असतं. इथं दुर्बिणीसाठी तीन भोकं पाडून, पूर्ण भूल देऊन हाती फारसं जास्त काही लागत नाही. हे ऐकून पुष्कळ नातेवाईक नाराज होतात, "पैसे आहेत, मग चांगलंच करा ना" म्हणतात. पण त्यांच्या पेशंटसाठी चांगलं तेच असतं. याला अपवाद खूप वजनदार माणसाचा. जाड चरबीतून दिलेल्या चिऱ्यात पू होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून तिथं लहान हर्नियासाठीही दुर्बिणीचा विचार होतो.

चार ते दहा सेंटिमीटरच्या मधले, विशेषतः टाक्याचे हर्निया, ही दुर्बिणीची खरी जागा. चिऱ्यातल्या जखमेचा त्रास इथं ठळकपणे कमी होतो आणि माणूस लवकर घरी जातो. दहा सेंटिमीटरच्या पुढं गेलं, निम्मं पोट बाहेर येऊन बसलं असेल, वरची कातडी पातळ पडली असेल किंवा लोंबत असेल, तर बहुतेकदा चिरा देऊनच, स्नायूंचे थर मोकळे करून भिंत पुन्हा जुळवावी लागते. जादाची कातडीही त्याच वेळी काढता येते. दुर्बिणीतून कातडी काढता येत नाही.

जांघेचं थोडक्यात सांगते. एका बाजूचा, पहिल्यांदाच झालेला हर्निया असेल तर दोन्ही पद्धती चालतात. दोन्ही बाजूंना असेल, किंवा आधी चिरा देऊन केलेला परत आला असेल, तर दुर्बीण सरस, कारण दोन्ही बाजू त्याच तीन छिद्रांतून होतात आणि जुन्या व्रणाला हात लावावा लागत नाही. बाईच्या जांघेतल्या हर्नियालाही, सोय असेल तर, दुर्बीणच बरी.

आत नेमकं काय करतात

चिऱ्याच्या पद्धतीत गाठीवर कापून आतडं किंवा चरबी आत सारतात, भोक शिवतात आणि स्नायूंच्या मागं किंवा पोटाच्या अस्तराच्या बाहेर जाळी पसरतात. साधी पॉलिप्रॉपिलिनची (एक प्रकारच्या प्लास्टिकची) जाळी तिथं चालते, कारण तिचा आतड्याशी संबंध येत नाही. मोठ्या हर्नियात साचणारं रक्त-पाणी बाहेर यावं म्हणून काही दिवस नळी ठेवतात.

दुर्बिणीच्या पद्धतीत पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात. बाजूनं पाच ते बारा मिलिमीटरची सहसा तीन छिद्रं पाडतात. एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून हत्यारं. आतून चिकटलेलं आतडं सोडवतात, भोक शिवतात आणि आतल्या बाजूनं जाळी लावतात. जाळी भोकाच्या चारही बाजूंना किमान पाच सेंटिमीटर पुढं जावी लागते. म्हणजे चार सेंटिमीटरच्या भोकाला किमान चौदा सेंटिमीटरची जाळी. ही जाळी आतड्याला टेकणार असेल तर तिची आतली बाजू न चिकटणाऱ्या थराची असावी लागते, आणि ती साध्या जाळीपेक्षा बरीच महाग असते. ती भिंतीला पकडून ठेवायला वापरतात त्या स्क्रूसारख्या पिनांचा खर्च वेगळा. दुर्बिणीचं बिल का फुगतं, याचं निम्मं उत्तर यात आहे. काही सर्जन दुर्बिणीतूनच स्नायूंच्या थरांमध्ये शिरून साधी जाळी बसवतात. ती पद्धत चांगली आहे, पण सगळ्यांचा हात तिच्यावर बसलेला नसतो.

फायद्या-तोट्यांचा खरा हिशेब सांगते. हर्निया परत येण्याचं प्रमाण, सर्जन सरावाचा असेल तर, दोन्हीकडं जवळपास सारखंच आहे. दुर्बिणीत जखमेत पू होणं कमी आणि मुक्काम कमी. पण आतडं सोडवताना त्याला इजा होण्याचा धोका दुर्बिणीत थोडा जास्त असतो. आधी तीन-चार ऑपरेशनं झालेल्या पोटात तर ही काळजी फारच घ्यावी लागते. दुर्बिणीनं सुरू करून मध्येच चिरा द्यावा लागला, तर त्याला डॉक्टरची चूक समजू नका. आत आतडी गच्च चिकटलेली दिसल्यावर जो सर्जन हट्ट सोडून पोट उघडतो, त्याच्यावर माझा जास्त भरवसा आहे. म्हणून संमतीपत्रावर दोन्हींचा उल्लेख असतो. सही करण्याआधी तो वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या.

"जाळी नको, परकी वस्तू नको" असं म्हणणारेही पुष्कळ येतात. त्यांना मी नेदरलँड्समधल्या सर्जनांचे आकडे सांगते. टाक्याच्या हर्नियाची पाहणी करून त्यांनी ते २००० साली छापले. नुसते टाके घातलेल्या शंभरांतल्या ४३ जणांचा हर्निया तीन वर्षांत परत आला, जाळी लावलेल्यांपैकी २४ जणांचा. त्याच पेशंटांना दहा वर्षांच्या अंतरानं पाहिलं तेव्हा हे आकडे ६३ आणि ३२ झाले होते. जाळीनंही हर्निया परत येतो, हेही या आकड्यांतूनच दिसतं. पण दुर्बीण की चिरा यापेक्षा जाळी की नुसते टाके, या निवडीनं जास्त फरक पडतो.

भूल, आणि तोंड किती उघडतं

दुर्बिणीच्या ऑपरेशनला जवळजवळ नेहमीच पूर्ण भूल लागते, घशातून श्वासनळीत नळी घालून. जांघेचा किंवा बेंबीचा लहान हर्निया चिरा देऊन करायचा असेल तर कमरेतून दिलेली भूल चालते, काही वेळा फक्त त्या जागेपुरती. हृदय किंवा फुप्फुस कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी याच कारणानं चिरा सुरक्षित ठरतो.

आता एक गोष्ट, जी आमच्या भागात मुद्दाम सांगावी लागते. आरशासमोर उभे राहा, तोंड पूर्ण उघडा आणि स्वतःची तीन बोटं उभी घालून पाहा. गुटखा, मावा, सुपारी खाऊन तोंड आतून आखडलेली तिशीतली मुलं आमच्याकडं येतात. त्यांच्या तोंडात दोन बोटंही जात नाहीत. अशा माणसाच्या घशात नळी घालणं अवघड असतं, आणि त्यासाठी नाकातून बारीक कॅमेऱ्यावरून नळी घालणारा भूलतज्ज्ञ आणि ते यंत्र लागतं. हे ऑपरेशनच्या टेबलावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. भूलतज्ज्ञाला स्वतःहून सांगा, अगदी पहिल्या भेटीत सांगा. लाजू नका. तुम्ही काय खाता यावरून तिथं कुणी तुम्हाला नावं ठेवायला बसलेलं नसतं.

तयारी: इथंच निम्मं ऑपरेशन होतं

बिडी-सिगारेट किमान चार आठवडे आधी बंद. गुटखा आणि मिश्रीही सोडा. जुना खोकला असेल तर आधी त्याचा इलाज. दोन आठवड्यांच्या वर असेल तर थुंकी तपासून घ्या, टीबी निघाला तर आधी त्याचे उपचार. पन्नाशी-साठीच्या पुरुषाला लघवीला जोर करावा लागत असेल तर प्रोस्टेट तपासून घ्या. रोज शौचाला कुंथावं लागत असेल तर तेही. नवी जाळी बसवायची आणि रोज आतून धक्के द्यायचे, असं होऊ नये.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी आठच्या खाली आणा. वजन फार असेल आणि घाई नसेल तर सर्जन काही महिने देऊन वजन उतरवायला सांगतील, ती टाळाटाळ समजू नका. दारूमुळं यकृत खराब होऊन पोटात पाणी झालेल्याचा बेंबीचा हर्निया आधी पाणी आटोक्यात आणल्याशिवाय करत नाहीत. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, स्वतःच्या मनानं बंद करू नका. जुन्या ऑपरेशनचे कागद शोधा. "पिशवी काढली व्हती, कुठं ते आठवत न्हाई" एवढ्यावर सर्जनला फार काही समजत नाही.

हंगामाचाही विचार करा. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावरून मार्च-एप्रिलला परत येतात. ऑपरेशन परतल्या-परतल्या केलं तर जूनच्या पेरणीपर्यंत दोन महिने मिळतात. दिवाळीच्या तोंडावर ऑपरेशन करून मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फेडायला पंधरा दिवसांत गाडीवर चढलेल्या दोन बायका माझ्या लक्षात आहेत. दोघींचाही हर्निया परत आला. तारीख ठरवताना मुकादमाचा हिशेब घरात आधी बोलून घ्या, आणि त्या बोलण्यात घरच्या पुरुषानं बसावं.

सर्जनसमोर बसल्यावर विचारायचं ते

भोक किती सेंटिमीटर आहे? जाळी कुठल्या थरात बसवणार, आणि ती कुठल्या प्रकारची? भूल कुठली? मला दुर्बीण सुचवताय किंवा चिरा, तर माझ्या बाबतीत त्याचं कारण काय? आणि हा प्रश्न नम्रपणे, पण नक्की विचारा: "डॉक्टरसाहेब, असली ऑपरेशनं तुम्ही दुर्बिणीनं किती केलीत?" जांघेच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनवर हात बसायला पन्नास ते शंभर केसेस लागतात असं सर्जनच मानतात. चांगला डॉक्टर या प्रश्नानं रागावत नाही. आपल्या तालुक्याच्या गावी चिऱ्याचा उत्तम हात असलेला सर्जन असेल, तर नव्यानं दुर्बीण घेतलेल्याकडं शंभर किलोमीटर जाण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांची चौकशी ॲडमिट होण्याआधी करा, नंतर नाही. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठा किंवा १५५३८८ वर फोन लावा. विचारायचं एवढंच: माझ्या हर्नियाचं हे ऑपरेशन, या दवाखान्यात, या पद्धतीनं योजनेत बसतं का, आणि जाळी त्यात धरलीय का. खासगीत करणार असाल तर जाळी, पिना, भूल आणि खोली यांचा वेगवेगळा अंदाज कागदावर मागा.

घरी आल्यावर

दोन्ही पद्धतींत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी चालायला लावतात. पडून राहिलात तर पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, छातीत कफ धरतो. खोकला आला तर उशी पोटाशी घट्ट धरा. उठताना सरळ न उठता आधी कुशीवर वळा. दुर्बिणीनंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो. तो आत भरलेल्या वायूमुळं. हृदयाचं काही झालं म्हणून पेशंटला रात्री परत आणलेलं मी पाहिलंय. पण दुखण्यासोबत दम लागला, घाम फुटला, तर मात्र थांबू नका.

ताप, पोट फुगणं, उलट्या, वाढत जाणारं दुखणं, किंवा जखमेतून पू आला तर लगेच दवाखाना गाठा. दुर्बिणीनंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत वाढणारं पोटदुखणं तर अजिबात अंगावर काढू नका, आतड्याची इजा अशीच कळते.

ओझ्याचं लोक नेहमी विचारतात, "कव्हापासून उचलू?" बसून करायचं काम आठ-पंधरा दिवसांत जमतं. जांघेचा हर्निया असेल तर दुखेनासं झाल्यावर हळूहळू बहुतेक कामं चालतात. पोटाच्या हर्नियाला आमच्याकडं सहा आठवडे आणि मोठ्या चिऱ्याला तीन महिने सांगतात. पण "जड" म्हणजे काय ते घरात नीट कळायला हवं. भरलेला हंडा पंधरा किलोच्या आसपास जातो. युरियाची गोणी ४५ किलोची. डोक्यावरची मोळी आणि ओल्या कपड्यांचं घमेलं दोन्ही जडच. सहा आठवडे घरात पाणी दुसरं कुणी भरेल का, हे ऑपरेशनच्या आधी ठरवा, कारण डिस्चार्जच्या वेळी सासू, नवरा, मुलगा सगळे मान डोलावतात आणि पंधराव्या दिवशी नळाच्या रांगेत तीच बाई उभी असते.

आणि दोन-तीन आठवड्यांनी जुन्या जागीच पुन्हा मऊ फुगवटा लागला तर "आलं परत, पैसे बुडाले" म्हणून रडत बसू नका. मोकळ्या झालेल्या जागेत बहुतेकदा पाणी साचलेलं असतं, दुर्बिणीनंतर तर हमखास. ते काही आठवड्यांत, क्वचित दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरतं. पट्टा बांधा, पण कुणाकडूनही सुई टोचून पाणी काढून घेऊ नका. त्या सुईनं जंतू जाळीपर्यंत पोचले तर जाळीच काढायची वेळ येते. डॉक्टरांना दाखवा, हवी तर सोनोग्राफी करा. पाणी आहे की हर्निया, हे तिथं लगेच दिसतं.